तक्त्यात नसलेला भात

शहरातल्या गार खोलीत बसून साखरेच्या रोग्यांसाठी तक्ता काढणाऱ्या साहेबा, तुझ्या त्या ‘जेवणाला दोन डाव भात’पायी आमच्या खेड्यातल्या खामसाय आजीच्या पायाचं बोट जायची पाळी आली होती!

बाई तक्त्याबरहुकूम वागायची. मुद्दाम मोकळा भात शिजवायची, तक्त्यातल्या चित्रासारखे दोनच डाव खायची. औषध घेतल्यासारखं तोंड वाकडं करून. मग चटईवर नवऱ्याशेजारी बसून दोघांच्या एकाच बांबूच्या टोपलीतला चिकट भात हातानं वळायची, तिखटजाळ कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत बुडवून हाणायची. आमच्याकडं जेवण म्हणजे तेच. त्याला डाव लागत नाही, आणि तक्त्यात तो नव्हताच.

साखर चढली, बोटाची जखम चिघळली. दवाखान्यातली नर्स कडाडली, “आजी, चोरून खाताय!”

“दोन डावावर शीत न्हाई घेतलं, बाई!”

“आणि चिकट भात?”

“त्यो कुठं लिवलाय?”

नर्सनं तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, “महिनाभरात साखर उतरली नाही, तर बोट कापावं लागेल. चिकट भातही मोजा.” कसा, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

खामसायनं मोकळा भात बंद केला आणि बांबू सोलून चिमुकली टोपली विणली. लिंबाएवढे तीन गोळे मावतील, बस्स.

तिचा नवरा, म्हातारा बुन्मी, उखडला, “येगळी टोपली? ह्या वयात काडीमोड घेतीस व्हय?”

“तुमच्या टोपलीला तळच न्हाई. हात घातला की घातलाच!”

“सोयरे काय म्हंतील?”

“सोयरे आपलं बोट कापून देणार हाईत मला?”

लावणीच्या दिवसांत ती पायाला फडकं बांधून बांधावर रोपांच्या जुड्या बांधायची. दुपारी बायांनी मोठी टोपली पुढं सरकवली. “घे गं एक गोळा, साखर काय बांधावर बघाय येतीया?”

खामसायचा हात टोपलीपर्यंत गेला. तिनं तो मागं ओढला आणि कोपरापर्यंत चिखलात खुपसला. “आता घाला म्हणा ह्यो हात टोपलीत!” बाया हसून लोळल्या.

महिन्यानं साखर उतरली, जखम सुकली. नर्सनं खुशीत कागदावर ‘तक्ता पाळला’ असं लिहिलं. “बघा आजी, तक्ता पाळला की गुण येतोच!”

“तक्ता पाळला तवा बोट सडत हुतं, बाई. खोडा ते! आन् तुमच्या सायबाला फोन लावा. तक्ता काढायच्या आदी आमच्यातल्या कुणाच्या चटईवर जेवला हुता त्यो? घराचं नाव सांगा म्हणावं. मी हितंच बसलीया.”