सगळं हिरवं

जरा इकडे बघा, मी बोलतोय! कपडे धुण्याच्या कारखान्यातला फळा. बॉयलरच्या खोलीची भिंत आहे ना, तिच्यावर मला ठोकलंय.

मला आणलं वहिनींनी, म्हणजे मालकांच्या सुनेने. इस्पितळांची कामं मिळवायची आणि कारखाना मोठा करायचा, हा त्यांचा ध्यास. "नुसतं ठरवून काय होतंय? रोज डोळ्यांसमोर हवं," म्हणाल्या आणि माझ्यावर चौकोन आखले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, वेळेवर पोचलेल्या चादरी, नवं काम शिकलेली माणसं, यंत्रांची तब्येत. जमलं तर हिरवा रंग, अडलं तर लाल. "लाल भरायला लाजू नका. लाल दिसला तरच मी धावून येईन." आणि खरंच धावायच्या हो! तेव्हा मी काय मिरवायचो!

मग मालकांना शहाणपण सुचलं. ज्याच्या चौकोनात लाल, त्याचा बोनस बंद. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी हिरवागार. तक्रारी थांबल्या नाहीत, त्या लिहिणं थांबलं. मालक खूश, आणि मला मात्र माझीच लाज वाटायला लागली.

बॉयलरवाले मामा तेवढे हट्टी. गेला बोनस खड्ड्यात म्हणत त्यांनी काल यंत्रांच्या चौकोनात लाल भरला.

"वहिनी, जादा वाफ सोडणारी झडप अडकतेय. बॉयलर बंद करून बघू द्या."

"आत्ता? मामा, उद्या इस्पितळाची माणसं येतायत. ती गेली की खुशाल बंद करा."

"झडपेला पाहुणे कळत नाहीत हो."

वहिनी घुटमळल्या. मला वाटलं, आता ऐकतील. पण त्यांनी फडकं उचललं, लाल पुसला आणि स्वतःच्या हाताने हिरवा भरला. मी मुकाट पुसून घेतलं. मला तोंड कुठाय?

आज पाहुणे माझ्यापुढे उभे आहेत. वहिनी कौतुकाने एकेक चौकोन दाखवतायत. मामांना फोटोसाठी बोलावलं, तर ते आतूनच ओरडले, "कुणीतरी इथे थांबायला नको का?" मघापासून आत खडखड चाललीय आणि माझी पाठ भाजतेय.

एका पाहुण्याने भिंतीला हात टेकला आणि झटकन मागे घेतला. "अहो, ही एवढी तापते?"

"चालायचंच, पलीकडे बॉयलर आहे ना!" वहिनी हसल्या. "हे बघा, सगळं हिरवं."

अहो, नका वाचू मला! मामांना बाहेर ओढा आणि पळा!