पाचवी बातमी

मित्रांनो, मी परिपाठाची वही. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची. पाठीवरची लाल पट्टी कधीच निघाली आणि आता मी शाळेच्या कपाटात फुटक्या पृथ्वीगोलाखाली पडून आहे. रद्दीवाला यायच्या आत चार गोष्टी सांगून घेते.

२०२४ च्या जूनमध्ये अंबडच्या हुकमचंदजींच्या दुकानातून मी शाळेत आले. "शिवण बिलकुल सुटणार न्हाई गुरुजी," असं त्यांनी सांगितलं होतं. माणूस खोटं बोलला नाही. पट्टी गेली, शिवण घट्ट आहे.

आमची शाळा घनसावंगीच्या रस्त्यावरच्या एका गावात. रोज प्रार्थनेनंतर माझ्यातून सुविचार, दिनविशेष आणि पाच बातम्या वाचल्या जात. पाच म्हणजे पाचच, चार चालणार नाहीत, हा मुख्याध्यापक रामप्रसाद सरांचा नियम. दहावीची दैवशाला त्या लिहायची आणि वाचायची. अक्षर टपोरं, आवाज खणखणीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला हातात घेऊन "वा, नीटनेटकं काम आहे" म्हटलं, तेव्हा मी फुगले होते. साहेबांनी मला नुसतं चाळलं होतं, एक ओळ वाचली नव्हती, हे मला उशिरा कळलं.

त्या वर्षी बातम्यांना तोटा नव्हता. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची पेपरफुटी, क्रिकेटचा विश्वचषक, दिल्लीत नवं सरकार, दिवाळीनंतर विधानसभेचं मतदान. पोरं रांगेत उभी राहून देश ऐकत आणि चपलेच्या टोकानं माती उकरत.

वर्तमानपत्र यायचं सकाळच्या बसनं. त्याच बसनं दीपमाला यायची, तीर्थपुरीकडच्या एका वस्तीवरून, नऊ किलोमीटर. दैवशालाच्या बाकावर बसायची. पण कुठं सभा निघाली, मेळावा निघाला, निवडणुकीचं काम निघालं, की सगळ्यात आधी हीच बस पळवली जायची. माणसं गोळा करायला बस मिळते, पोरींना शाळेत आणायला मिळत नाही. अशा दिवशी वर्तमानपत्रही नाही आणि दीपमालाही नाही. दैवशाला वडिलांच्या मोबाइलवर पाहून कशाबशा चार बातम्या उतरवायची आणि पाचवीला अडायची. सात ऑगस्टला तिनं सरळ लिहून टाकलं, "आज सकाळची बस आली नाही. दीपमाला शाळेत नाही."

ती हे वाचायला लागली आणि पोरं फिदीफिदी हसली. रामप्रसाद सर म्हणाले, "देशाच्या बातम्या वाच. गावच्या गप्पा नको."

तेव्हापासून अशा दिवशी तिनं पाचवी बातमी वाचणं सोडलं; चारच झाल्या, हे कोणी मोजलं नाही. लिहिणं सोडलं नाही. रोज दुपारी मी सरांच्या टेबलावर जायची. कानाला मोबाइल, नजर खिडकीबाहेर, आणि पानाखाली झोकदार सही. एकदा तर सरांनी चहाचा कप माझ्यावरच ठेवला. तो गोल डाग अजून आहे.

जानेवारीत दीपमालाची आई सगुणाबाई सरांच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. दीपमालाची हजेरी अकरा दिवसांनी कमी भरत होती. यंदा परीक्षेला बसता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू, असं सरांनी तिला सांगितलं.

"पुढच्या वर्षी तिचा बाप तिला धाडणार न्हाई, सर," सगुणाबाई म्हणाली. "बस न्हाई आली तं लेकरू उडून येईन का?"

"बस आली नाही याला लेखी पुरावा आहे का काही?"

दैवशाला दारात उभी होती. ती गेली आणि मला घेऊन आली. उभ्यानंच वाचायला लागली. सात ऑगस्ट, बस आली नाही. बारा ऑगस्ट, बस आली नाही. अठरा नोव्हेंबर, बस आली नाही. अशी तेवीस पानं.

सर मधेच म्हणाले, या गप्पांना पुरावा म्हणत नाहीत.

"गप्पा न्हाईत, सर. सगळ्या पानांवर तुमची सही हाये."

सरांनी मला ओढून घेतलं. सात महिन्यांत पहिल्यांदा ते मला वाचत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे तू मुद्दाम करून राह्यलीस का?"

"न्हाई, सर. पाच बातम्या लागतात म्हणून."

त्याच दिवशी शिपाई मला अंबडला घेऊन गेला. हुकमचंदजींच्याच दुकानात माझ्या तेवीस पानांच्या झेरॉक्स निघाल्या आणि हजेरीत सूट मिळावी म्हणून बोर्डाकडे अर्ज गेला. सरांना दया आली, असं मी म्हणणार नाही. ते आपल्याच सहीला भ्याले. भ्याले तर भ्याले, दीपमालाचं हॉलतिकीट आलं.

मित्रांनो, वह्या जपून ठेवा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणते, आधी वाचा. मोठे झालात, सही करायला बसलात, तर सहीच्या वर काय लिहिलंय ते बघा. आणि तुमच्या बाकावरची जागा रिकामी राहिली, तर ती तारखेसह लिहून ठेवा, कोणी कितीही हसलं तरी. मग माझ्या पानांत खुशाल शेंगदाणे बांधा.

माझं शेवटचं लिहिलेलं पान एकवीस फेब्रुवारीचं आहे. दहावीचा पहिला पेपर, केंद्र आमच्याच शाळेत. पेपर सुटल्यावर दैवशालानं मला मागून घेतलं आणि एवढंच लिहिलं, "आज बस वेळेवर आली. दीपमाला बसमध्ये नव्हती. ती काल संध्याकाळीच नऊ किलोमीटर चालत माझ्या घरी येऊन राहिली होती."

त्या पानाखाली सही नाही.