उत्तरदात्री क्रमांक नऊ

सात, आठ, नऊ... सिस्टर मनातल्या मनात मोजत होत्या. समोर धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर वॉर्डातल्या आयामावशी बसल्या होत्या आणि मधल्या स्टुलावर मोबाइल रेकॉर्डिंग करत पडला होता. प्रश्न साधाच होता. घरी कुणी आजारी असलं तर या कामाचा उपयोग होतो का? ‘होतो की,’ म्हणून मावशी थांबल्या होत्या. उत्तरदाता थांबला की आपण बोलायचं नाही, दहापर्यंत मोजायचं, शांतता माणसाला सोसत नाही, तो आपणहून पुढचं सांगतो, असं एम.ए.च्या मॅडमनी संशोधन पद्धतीच्या तासाला शिकवलं होतं.

दहाला मावशी बोलल्या.

“उपयोग कसला, ताई. इथं दर दोन तासांनी लोकांच्या आयांना कूस बदलून देते. माझी आई घरी खाटेला खिळलेली, तिला मी दोन दिवस हात लावला नाही. दमले होते, कंटाळले होते. तिच्या पाठीला जखम झाली, त्यातच गेली ती. भावाला सांगितलं, रोज करत होते म्हणून.”

सिस्टरांनाही भरून आलं. पण खोटं कशाला बोला, त्याआधी क्षणभर त्यांना आनंद झाला होता. आधीच्या आठ आयामावशींच्या मुलाखतींत ‘बरं चाललंय’ आणि ‘गुडघे दुखतात’ याखेरीज हाताला काही लागलं नव्हतं, आणि इथं घबाड मिळालं होतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी सिस्टर एम.ए.ला बसल्या, तेव्हा शिंगं मोडून वासरांत शिरतेयस म्हणून नवऱ्यानं भरपूर चेष्टा करून घेतली होती. पण पदवी हाती आली की परिचारिका विद्यालयात शिकवायची जागा मिळणार होती, वीस वर्षांची पायपीट संपणार होती. म्हणून त्या नेटानं नमुना निवड शिकल्या, प्रश्नावली शिकल्या, मुलाखतींच्या कागदांवर रंगीत पेनांनी खुणा करायला शिकल्या. संमतिपत्र मात्र त्यांनी घाईघाईत वाचून दाखवलं होतं. कुणालाही, कधीही, कारण न देता आपलं बोलणं मागे घेता येईल, असं त्यात लिहिलं होतं. मावशींनी त्यावर अंगठा उठवला. आता आयांच्या पाळ्या लावायच्या सिस्टरांनी, आणि त्यांना नाही म्हणायचं कुणी?

चौथ्या दिवशी मावशींनी त्यांना जिन्यात गाठलं. “ताई, ते आईचं काढून टाका हं. भावाच्या कानावर गेलं तर तो माझं तोंड बघायचा नाही.”

“काढते,” सिस्टर म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना खरंच काढायचं होतं.

पण मुलाखतींचे कागद आधीच मॅडमकडे गेले होते, आणि त्यांनी नेमक्या त्याच उताऱ्याखाली दोन रेघा ओढल्या. चौथ्या प्रकरणाचा जीव यातच आहे, म्हणाल्या. मावशींनी तो मागे घेतलाय, हे मॅडमना सांगायला हवं होतं. सिस्टरांनी सांगितलं नाही. नाव कुठं आहे, नुसतं ‘उत्तरदात्री क्रमांक नऊ’ तर आहे, कुणाला कळतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, त्यातलीच गत. मग पुढच्या महिन्यापासून त्या मावशींना सोप्या पाळ्या लावू लागल्या. मावशींना त्याचंही अप्रूप वाटलं, आणि ते तर सिस्टरांना अगदीच सोसवेना.

प्रबंध पास झाला. काळ्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची प्रत विभागाच्या ग्रंथालयात द्यायला निघण्याआधी सिस्टर ती वॉर्डात घेऊन आल्या. सगळ्यांनी हाताळली, चहा झाला, जो तो कामाला गेला. मावशी तेवढ्या मागे राहिल्या. हात पदराला पुसत त्यांनी विचारलं, यात मी कुठं आहे?

सिस्टरांनी आभाराचं पान काढलं आणि वाचलं, “ज्यांनी वेळात वेळ काढून मन मोकळं केलं, त्या सर्व आयांची मी ऋणी आहे.”

मावशींचा चेहरा खुलला. घरी सुनेलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, आमच्या सिस्टर शब्दाच्या पक्क्या आहेत. एवढं बोलून त्या बादली उचलायला वाकल्या.

तेवढ्यावर सुटता आलं असतं. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यांचा भाऊ काही ग्रंथालयात जाणार नव्हता. पण सिस्टरांनी प्रत मिटली.

“मावशी, मी ते काढलं नाही.”

मावशींनी बादली खाली ठेवली. “नाव आहे?”

“नाही. नऊ नंबर आहे. कुणाला कळणार नाही.”

“मला ठाऊक आहे ना, ती कोण ते.”

चुकलं माझं, एवढंच सिस्टर पुटपुटल्या. मावशी रिकाम्या खाटेच्या कडेवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या वॉर्डातल्या खाटेवर कधी बसल्या नव्हत्या.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “मी काय बोलले, ते मला तरी ऐकू द्या.”

सिस्टरांनी एकाहत्तरावं पान काढलं. वाचलं, अक्षर न् अक्षर. लोकांच्या आया, खाटेला खिळलेली आई, दोन दिवस, पाठीची जखम, भाऊ. मावशी जमिनीकडे बघत ऐकत राहिल्या.

“दोन नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “चार दिवस. तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून दोन म्हणाले.”

सिस्टरांनी पानावरून मान वर केली.

“आता छापलंच आहे, तर खरं असू दे. लिहा.”

सिस्टरांनी खिशातलं पेन काढलं. ‘दोन’वर काट मारली आणि वर ‘चार’ लिहिलं. मावशींनी उठून, पुढे वाकून त्या अक्षरांखाली बोट ठेवलं, हेच ना, म्हणून विचारलं, आणि शाई वाळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.