भिंतीतलं कोमट पाणी

मिस्त्रीचा कान तयार होता. टाइलवर हातोडीच्या दांड्यानं दोनदा ठोकलं, की मागे सिमेंटचा माल भरलाय की पोकळ आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा. वर फुशारकी असायचीच, "डॉक्टर छातीला नळी लावतो, मी भिंतीला दांडा लावतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी त्याला त्या घरच्या लेकीनं बोलावून घेतलं. तिचे वडील जाऊन चार महिने झाले होते, आई एकटीच राहायची. बाथरूममध्ये शॉवरखालच्या टाइलांचे सांधे सुटत होते. लेकीनं दोनदा व्हाइट सिमेंट भरलं होतं, दोन्ही वेळा आठ दिवसांत त्याचा भुगा खाली.

"थोडे दिवस शॉवर बंद ठेवा, ताई."

"बंदच आहे हो. बाबा गेल्यापासून आई दुसऱ्या बाथरूममध्ये जाते. इकडे पाऊलही टाकत नाही."

मिस्त्रीनं सांध्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. पाणी कोमट होतं.

"गीझर चालू आहे का?"

"त्याची वायरसुद्धा काढून ठेवलीय."

त्यानं पाइपात दाब भरून पाहिला. अर्धा तास झाला तरी दाबाच्या मीटरचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. वरच्या मजल्यावर तर बाथरूमच नव्हतं, उघडी गच्ची होती आणि ती कोरडी ठणठणीत. मग त्यानं भिंत ठोकून काढली. सगळीकडे भरीव, फक्त खांद्याच्या उंचीवर एक टाइल पोकळ वाजली. छिन्नी लावताच ती अलगद हातात आली.

मागचा माल पांढराफटक सुकलेला होता आणि त्यात मधोमध ओल. तळवा आणि पाच बोटं.

मिस्त्रीनं स्पंजानं ती टिपली. तो बघत असतानाच ओल पुन्हा उमटली. आधी बोटं, मग तळवा.

"उजवा आहे ना?" मागून आवाज आला. आई दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. "डावा हात लुळा पडला होता त्यांचा. उजव्यानं भिंत धरून उभे राहायचे, मी पाठीवर पाणी घालायचे. कोमट लागायचं त्यांना."

"आई, काहीतरीच काय!" लेक करवादली. "हाताच्या दाबानं टाइल सुटली आणि पाणी मुरलं. हो की नाही, मिस्त्री?"

"तसंच असणार," मिस्त्री म्हणाला. चार महिन्यांत ते आटायला हवं होतं, हे ओठांवर आलेलं त्यानं गिळलं. आठ दिवस पंखा लावून भिंत उघडी ठेवा, असं सांगून तो जरा घाईनंच जिने उतरला.

नवव्या दिवशी सकाळी आला तेव्हा भिंत खडखडीत वाळलेली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. गळतीरोधक लेप दिला, टाइल बसवली, सगळे सांधे नव्यानं भरले. लेक खूश होऊन कामावर निघून गेली. मिस्त्री हात धूत होता, तेवढ्यात आईनं हाक मारली, "जरा आत या."

झोपायची खोली त्याच भिंतीला लागून होती. पलंग भिंतीशी टेकलेला. उशीच्या वर, फिकट रंगावर, काळपट ओला पंजा, बोटं खालच्या दिशेला.

"कालपासून आहे. लेकीला बोलू नका, उगीच मला उचलून आपल्या घरी नेईल."

मिस्त्रीनं शेजारी बोट टेकवलं. तिथली भिंत गार होती. पंजावर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"काकू, इथून पाइपच जात नाही."

"मला ठाऊक आहे. मला एवढंच सांगा, हे खाली सरकतंय का? काल उशीच्या बरंच वर होतं."

मिस्त्री वाकला. बोटांची टोकं उशीला भिडली होती.

"सरकतंय," तो कसाबसा म्हणाला.

तिनं मान हलवली आणि उशी थोडी अलीकडे ओढून, जागा करून ठेवली.