टाकीखालचा छत्रीवाला

गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण वाचनालय मी सांभाळते आणि ते करायला दुसरं कुणी नव्हतं. म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकायच्या, वहीत टिपायच्या. पण माझा कुणाच्या बोलण्यावर चटकन विश्वास बसत नाही. समोर वही दिसली की माणसं राईचा पर्वत करतात. म्हणून मी एक युक्ती काढली. बोलता बोलता प्रत्येकाला एका खोट्या माणसाबद्दल विचारायचं: "पाण्याच्या टाकीखाली एक छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा, आठवतो?" हो म्हणेल तो थापाड्या, त्याचं पान बाद. हा छत्रीवाला मी भाजी चिरता चिरता रचला होता.

काळजी होती ती बाबांची. त्याच टाकीवर नोकरी करून त्यांनी गावाला तीस वर्षं पाणी सोडलं. आता त्यांचं डोकं कधी ठिकाणावर असतं, कधी नसतं. त्यांना सगळ्याचा विसर पडायच्या आत त्यांचं पान वहीत यावं, एवढंच मला हवं होतं. पण नियम तो नियम, घरच्यांना सूट नाही. ते हो म्हणाले तर, या भीतीने मी त्यांना शेवटी ठेवलं.

पहिले न्हावीकाका. "न आठवायला काय झालं? डाव्या कानाला पाळी नव्हती त्याच्या. तिथं वस्तरा जपून फिरवायचो मी."

बोलून गेल्यावर काकांनी जीभ चावली. साठी बुद्धी नाठी, असं मनात म्हणत मी पान बाद केलं.

मग माझ्या शाळेतल्या बाई. "तो होय? कान तुटका होता बघ. छत्रीच्या तारांचे घोडे करून द्यायचा पोरांना." आणि मग माझ्याकडे एकटक बघत हळूच म्हणाल्या, "तुला आठवला होय गं?"

कानाचं मी अवाक्षरही काढलं नव्हतं. दोघांनी संगनमत केलं म्हणावं, तर कुंपणाच्या भांडणावरून त्यांच्यात अकरा वर्षं बोलणं नाही. बाईंचं पानही मी बाद केलं, पण या वेळी पेन्सिलीने.

शेजारच्या मावशीने तर माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. उठून दाराला कडी घातली. "भरलेले हंडे ओतून दिले होते आम्ही," ती कुजबुजली. "घशात बोटं घालून ओकलो होतो. पुढचं तुझ्या बाबांना विचार. आणि हे लिहू नकोस."

मी वही मिटली आणि भर दुपारी थेट घर गाठलं.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी विचारलं.

"नाही," ते ठामपणे म्हणाले. "असा कुणी माणूस नव्हता."

इतका आनंद झाला की माझे डोळे भरून आले. अख्ख्या गावात एकच खरा माणूस, आणि तो माझा बाप! त्यांच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत 'विश्वासू' असं लिहिलं.

तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. "बरोबर बोललो ना, बाई? सगळ्यांचं असंच ठरलंय ना?"

ते मला शाळेतल्या बाई समजत होते.

"माझ्या पोरीच्या कानावर जाऊ देऊ नका. पाच वर्षांची आहे ती. चेंडू टाकीत गेला म्हणून तिनंच त्याला वर चढायला लावलं. झाकण मी उघडं ठेवलं होतं. चार दिवस आपण सगळे तेच पाणी प्यायलो. त्याच्यामागं रडणारं कुणी नाही, बाई. पोरीचं अख्खं आयुष्य जायचंय. तो नव्हताच, असंच म्हणू या."

चेंडू लाल होता. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. शिडीवरून खाली बघून तो हसला होता, तेही मला दिसलं. 

मी वहीचं कोरं पान उघडलं. "त्याचं नाव काय होतं?"

बाबांनी डोळे मिटून पुष्कळ आठवून पाहिलं.

"ते कुणी विचारलंच नाही, बाई."