जुन्या डिस्कला वाली कोण?

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहराच्या वाचनालयातल्या खोलीत स्वयंसेवकांची बैठक चांगलीच तापली होती. त्यांनी मिळून बनवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ठरत होतं. जुन्या डिस्क चालवणारा भाग काढायचाच, म्हणून इर्मेली हटून बसली होती.

"असली डिस्क वापरणारा एक तरी माणूस दाखव," ती कौकोवर खेकसली, "नाहीतर कर हात वर."

हात वर करील त्याने तो भाग सांभाळायचा, असा त्यांचा नियम. कौकोने जुन्या डिस्कचा भाग वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळला होता आणि आता तो विटला होता. त्याचे हात खिशातच राहिले. इर्मेलीने तो भाग उडवला.

नवी आवृत्ती आधी स्वतःच्याच सर्व्हरवर चढवायची, हा तिथला रिवाज. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर एकच ओळ उमटली: डिस्क सापडली नाही.

कॉफीला कुणी हात लावेना. आपल्या सर्व्हरमध्ये कसली डिस्क आहे, हे बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, अगदी कौकोलाही.

"वापरणारे आपणच निघालो की," तो म्हणाला. "आता सांभाळणार कोण?"

सगळे इर्मेलीकडे बघत होते. मनातल्या मनात कौकोला चार शिव्या हासडून तिने हात वर केला.