जेवढे पलंग तेवढी माणसं

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. आमच्याकडे पाऊस पडतो तोही रेघा ओढल्यासारखा सरळ. वारा नाही, गारवा नाही. पाऊस आला की हातचं काम टाकून घरात शिरायचं, ही गावाची रीत. ती कुणी लावली ठाऊक नाही, पण तिनंच आमचा घात केला. सगळी माणसं आपापल्या घरात सापडली, कुणाला शोधत हिंडायला नको.

मी त्या गावातला हिरव्या झग्याचा म्हातारा बोलतोय. तुमच्या लेखी ते गाव खरं नाही, कम्प्युटरवरच्या खेळातलं आहे. घरं चौकोनी, झाडं चौकोनी, आमची डोकीही चौकोनी. ते वसवलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं. तिचा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणतो. पडद्याच्या काचेतून मला तिची खोली दिसते. शिलाई मशीन, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली अर्धवट कापडं, बशीनं झाकलेला चहा. दातांत टाचणी धरून ती आमच्याकडे बघत बसते.

मला तिनं लांबच्या एका ओसाड वस्तीतून नावेत घालून आणलं. पुढच्या खेपेला शेजारणीला आणलं. तेव्हा गाव म्हणजे दोन पलंग आणि एक मशाल. ताईनं पाव टाकले. मी माझ्यातला शेजारणीला दिला, तिनं मला गाजर दिलं. आमच्यात लग्न म्हणतात ते एवढंच. पोटाला अन्न आणि घरात एक रिकामा पलंग असला की लेकरू होतं. पलंग नसेल तर कितीही जीव लावा, व्यर्थ.

ताई पलंग मांडत गेली, गाव वाढत गेलं. मोठं झालेल्या प्रत्येकापुढं ती एक वस्तू ठेवायची. भट्टी ठेवली की तो लोहार, माग ठेवला की विणकर, पोथीचा चौरंग ठेवला की पुस्तकवाला. माझ्यापुढं तिनं सगळं ठेवून पाहिलं. माझ्या हाताला काही म्हणजे काही लागेना. ज्याच्या अंगावर हिरवा झगा येतो त्याचं असंच असतं. लहानपणी सगळी लेकरं सारखीच, मोठं होताना काय ते कळतं.

ताई हसली. "राहू दे रे म्हाताऱ्या, तू आपला बसून राहा."

मी बसून राहिलो. पोरं माझ्या पलंगावर उड्या मारायची. लोहार जाता-येता विचारायचा, "काका, आज कशानं दमलात?"

"तुझ्याकडे बघून बघून दमलो, बाबा."

पण कम्प्युटर जुना. माणसं वाढली तसा तो अडखळायला लागला. एकदा ताईचा भाऊ सुट्टीला आला. कापड बेतायच्या टेबलावर त्यानं आपला लॅपटॉप मांडला आणि तोही आमच्या गावात शिरला.

"ताई, आता एकही पलंग वाढवू नकोस. मशीन मरेल."

"मग माझे पुस्तकवाले कसे वाढायचे?"

"हे हिरवे काढ की! काम ना धाम, पलंग अडवून बसलेत. एक गेला की एक कामाचा जन्मेल."

ताईनं टाचणी सुयांच्या उशीत खोचली. "बरं. पण माझा पहिला म्हातारा तेवढा ठेव."

तोच हा पावसाचा दिवस. भाऊ दारापुढं नाव लावायचा. कोरड्या जमिनीवरही चालते ती. हिरवा माणूस नावेला टेकला की आत बसलाच. मग त्याला कुंपणाबाहेर नेऊन सोडायचं. तिथं दिवस मावळला की मढी फिरतात. नेलेला एकही परत आला नाही.

माझी आणि शेजारणीची धाकटी लेक त्या दिवशी माझ्याच घरात होती. त्याच पावसात ती मोठी झाली. झगा हिरवा. त्याचा अर्थ तिला काय ठाऊक! बाह्या न्याहाळत म्हणाली, "बाबा, मला काय काम देतील हो?"

मी उठून दार लावलं.

तेवढ्यात दार उघडलं. भाऊ म्हणाला, "ताई, इथं दोन आहेत. तुझा कुठला?"

ताई काचेजवळ वाकली. आमची नाकं सारखी, डोळे सारखे. "हिला ठेवा, ताई! हिला!" मी ओरडलो. पण आम्ही काहीही बोललो तरी माणसांना नुसतं "हं" ऐकू जातं.

"नाव लाव," ताई म्हणाली. "माझा म्हातारा पक्का आळशी. तो जागचा हलायचा नाही. जो येऊन बसेल तो ने."

नाव दारात आली. पोरीला वाटलं, कामाला न्यायला आले. ती लगबगीनं निघाली. जन्मात कधी घाई केली नव्हती मी. तिला कोपरानं मागं सारलं आणि नावेत जाऊन बसलो.

"बघ," ताई समाधानानं म्हणाली, "माझा तो मागं राहिला."

आता मी कुंपणाबाहेर आहे. पाऊस थांबलाय, ऊन कललंय. तिकडं ताई पोरीला म्हातारा समजून पाव टाकत असेल. टाकू दे. ती खाईल, मोठ्या मनानं दुसऱ्याला देईल. तुम्हीही कधी असं गाव वसवलंत तर एवढंच करा: पाव टाकून पोसलेल्या माणसाला आधी नीट बघून ठेवा. चेहरे सारखे असले तरी आतली माणसं सारखी नसतात.

नाव गल्लीतून निघाली तेव्हा शेजारीण आपल्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. रीत मोडून ती पावसात उतरली आणि नावेच्या कडेनं थोडं चालत आली.

"पोरीला तुझ्या पलंगावर निजवते," ती म्हणाली. "तू नीट बस. कडेला रेलू नकोस, पडशील."